हळू हाताने झिजलेला गिअर

गिअर म्हटलं की आपल्याला मोटारसायकल आठवते. पहिला, दुसरा, तिसरा. होडीच्या मागच्या फळीला लटकणाऱ्या आउटबोर्ड इंजिनात तसं काही नसतं. पुढे, न्यूट्रल, मागे, संपलं. सुरुवातीला तर एवढंही नव्हतं. ओले एविनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९०९ साली आउटबोर्ड इंजिनं विकायला काढली. त्या काळच्या अनेक इंजिनांत मागे जायचं तर अख्खं इंजिनच उलट तोंडाला फिरवावं लागे. १९४९ साली जॉन्सनच्या १० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला पुढे-न्यूट्रल-मागे असा लिव्हर आला आणि मग ती पद्धत रुळली.

चोडणच्या आमच्या घरी याच कुळातलं १८ हॉर्सपॉवरचं इंजिन आहे, १९६०च्या दशकातलं. आजोबांनी घेतलेलं. आजोबा गेल्यावर ते बाबांकडे आलं, आणि बाबांनी ते देवघरातल्या समईसारखं सांभाळलं. दर रविवारी पुसणं, पावसाळ्यात गोणपाटात बांधून माळ्यावर. गेल्या वर्षी मात्र ते गिअर सोडायला लागलं. हळू चालवलं तर ठीक. थ्रॉटल वाढवला की खालून कड-कड-कड आवाज, इंजिन मोकळं गुरगुरणार आणि होडी जागच्या जागी. मांडवीत हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. एकदा भर पात्रात, समोरून बार्ज येत असताना गिअर सुटला आणि बाबा वल्ह्यावर कसेबसे कडेला आले. त्या दिवसापासून आईने होडीचं नाव काढू दिलं नाही. काका म्हणाले, भंगारात घाला, नवं घ्या. बाबा काहीच बोलले नाहीत. मला त्यांच्या गप्प राहण्याचीच जास्त काळजी वाटली.

मी बी.ई. कॉम्प्युटर. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले दोष शोधणं हा माझा धंदा, त्यामुळे थेट इंजिन उघडायच्या आधी संशयितांची यादी केली. इंजिन ओरडतं आणि होडी चालत नाही, याची कारणं तीन-चारच. प्रोपेलरची पिन तुटली असेल, तर होडी अजिबात हलणार नाही. आमची हळू चालत होती, म्हणजे पिन शाबूत. वरच्या लिव्हरपासून खाली जाणाऱ्या सळईचे सांधे सैल झाले असतील, तर गिअर अर्धवटच बसतो आणि सुटतो. हे तपासायला स्पार्क प्लगच्या वायर काढायच्या, लिव्हर पुढे टाकायचा आणि प्रोपेलर हाताने फिरवायचा. वरचं फ्लायव्हील फिरलं पाहिजे. (वायर काढणं विसरू नका. जुनं इंजिन हाताने फिरवतानाही पेट घेऊ शकतं, आणि बोटं पात्यापाशी असतात.) फ्लायव्हील फिरलं. सांध्यांतही ढिलाई नव्हती. मग गिअरपेटीचं तेल काढलं. ते ताकासारखं पांढरट निघालं असतं तर सील गेलं आणि पाणी आत शिरलं असं समजायचं. आमचं काळं होतं, पण तेलच होतं. त्यात लोखंडाची चमकदार कीस मात्र होती.

तेल काढताना एक गोष्ट लक्षात ठेवा. या जुन्या इंजिनांच्या गिअरपेटीवर तेलाच्या खालच्या स्क्रूजवळच फुलीच्या खाचेचा दुसरा स्क्रू असतो. तो तेलाचा नव्हे. आतल्या गिअरच्या काट्याची ती खुंटी आहे. ती काढली की काटा आत मोकळा पडतो आणि पेटी उघडल्याशिवाय पुन्हा बसत नाही.

उघडायचं काम म्हापशाच्या बाजूच्या एका मेस्तांकडे केलं. मत्स्यखात्याच्या भाषेत याला ओबीएम म्हणतात. मेस्त नुसतं ‘मशीन’ म्हणतात, आणि त्यांनी आयुष्यात शेकडो मशीनं उघडली आहेत. खाऱ्या पाण्याने पेटीचे स्क्रू धरून ठेवले होते. मला जोर लावायची घाई होती. मेस्तांनी गंज सोडवणारं तेल घातलं आणि म्हणाले, “दोन दिसांनी ये.” दोन दिवसांनी थोडी आच दिली आणि स्क्रू मुकाट निघाले.

आत काय घडतं ते सांगतो. इंजिनातून खाली येणाऱ्या दांड्याच्या टोकाला पिनियन नावाचं छोटं दातेरी चाक असतं. ते एकाच वेळी पुढच्या आणि मागच्या अशा दोन चाकांत अडकलेलं असतं. ही दोन्ही चाकं प्रोपेलरच्या दांड्यावर सैल असतात, आणि इंजिन चालू असेपर्यंत एकमेकांच्या उलट फिरत राहतात. त्यांच्यामध्ये दांड्यावर सरकणारा एक पोलादी तुकडा असतो, त्याला डॉग म्हणतात. तो ज्या चाकाच्या खुंटांत अडकेल त्या दिशेला होडी जाते. म्हणजे गिअरचे दात कायम एकमेकांत असतात. सगळा मार खातो तो डॉग.

आमच्या इंजिनाचे दात उत्तम होते. डॉगच्या पुढच्या बाजूचे कोपरे मात्र चोखलेल्या खडीसाखरेसारखे गोल झाले होते. पुढच्या चाकाचे खुंटही तसेच. कोपरा चौकोनी असेल तर भार आला तरी पकड सुटत नाही. गोल झाला की तोच भार डॉगला उतारावरून ढकलल्यासारखा बाहेर काढतो. थ्रॉटल वाढवल्यावरच गिअर का सुटत होता, ते कळलं.

मेस्तांनी तो तुकडा बोटांत फिरवला आणि विचारलं, “गिअर कोण घालता? हळू घालता काय?”

हो. बाबा लिव्हर अगदी हळू, कान देऊन, थोडा थोडा सरकवतात. जुनं मशीन, त्याला धक्का नको म्हणून. पण डॉग हळू पुढे गेला की फिरत्या चाकाचे खुंट त्याच्या कोपऱ्यांवर टकटक आपटत राहतात, आणि प्रत्येक टकटकीला थोडं पोलाद जातं. इंजिन अगदी मंद करून लिव्हर एका झटक्यात टाकला तर डॉग पुढच्या फटीत थेट बसतो. आवाज मोठा येतो, झीज कमी होते.

हे बाबांना सांगणं मला पेटी उघडण्यापेक्षा अवघड वाटत होतं. मी आठवडाभर टाळलं. शेवटी डॉगच घरी नेला आणि त्यांच्या हातात दिला, काही न बोलता. त्यांनी कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची पाहिली. ते स्वतः सुताराचं काम जाणतात. थोड्या वेळाने म्हणाले, “तुझे आजोबा फटकन टाकायचे. मला वाटायचं, निष्काळजी आहेत.”

दुरुस्तीवरून आमचं आणि मेस्तांचं थोडं वाजलं. त्यांचं म्हणणं, वेल्डिंगने कोपरे भरून घासून देतो. मला ते पटलं नाही; त्या पोलादाला दिलेला कडकपणा वेल्डिंगच्या आचेने जातो आणि एका हंगामात पुन्हा तेच. आमच्या डॉगची दोन्ही तोंडं सारखी होती (सगळ्या मॉडेलांत तशी नसतात, मोजून बघा), आणि मागे जाणं क्वचितच होत असल्याने ते तोंड जवळजवळ कोरं होतं. तेव्हा डॉग उलटा बसवला. पुढचं चाक मात्र बदलावंच लागलं; ते परदेशातून जुनंच मागवलं आणि दीड महिना वाट पाहिली. पेटी उघडलीच होती म्हणून सगळी सीलं आणि पाण्याच्या पंपाचा रबरी पंखाही नवा घातला. त्यात काटकसर करू नये.

आता पुढचा गिअर पूर्ण थ्रॉटलला धरतो. झिजलेलं तोंड मागच्या बाजूला गेल्यामुळे रिव्हर्स जोरात घेतला तर सुटतो, म्हणून धक्क्याला लागताना फक्त मंद वेगात घ्यायचा असं ठरलंय. आईची अट वेगळी आहे: दोन वल्ही होडीत असल्याशिवाय दोर सोडायचा नाही. पहिल्या दहा तासांनंतर तेल काढून पाहिलं, कीस नव्हती. बाबा लिव्हर टाकताना अजून डोळे मिटतात, पण टाकतात फटकन.