साइटवरून वर्गात

बांधकाम व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला एका स्लॅबचा बार चार्ट काढायला सांगा. सेंट्रिंग, स्टील, काँक्रीट, क्युअरिंग अशा पट्ट्या तो व्यवस्थित आखतो. त्यात वायरमन बहुधा नसतो. खालची सळई बांधून झाली की वरची पडण्याआधी पाइप आणि फॅन बॉक्स टाकायचे असतात, प्लंबरला बाथरूमच्या जागी स्लीव्ह ठेवायच्या असतात. ही वेळ धरली नाही, तर पुढे तयार स्लॅब फोडत बसावं लागतं. साइटवर वर्षानुवर्षं काढलेला सुपरवायझर स्लॅब भरायची तारीख ठरवण्याआधी या दोघांना फोन लावतो. जूनमध्ये पेरणीला, होळीला किंवा छटपूजेला किती माणसं गावी जाणार, हेही तो आधीच विचारून ठेवतो.

अशी माणसं वर्गात यायला हवीत. पण वाट अडचणीची आहे. आयटीआयमध्ये निदेशक व्हायचं, तर ट्रेडचं प्रमाणपत्र, अनुभव आणि सीआयटीएस हे एका वर्षाचं प्रशिक्षण, असा मार्ग आहे. विद्यापीठांसाठी यूजीसीने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची तरतूद केली. तिथे पदवीची सक्ती नाही, पण किमान १५ वर्षांचा अनुभव, तोही शक्यतो वरिष्ठ पदावरचा, आणि क्षेत्रात नाव हवं. म्हणजे कंपनीचा संचालक बसतो. फोरमन दोन्हींच्या मध्ये राहतो. त्याच्या वाट्याला फार तर एखादं पाहुण्याचं व्याख्यान येतं.

अर्थात नुसता अनुभव म्हणजे शिकवणं नव्हे. ‘आम्ही असंच करतो’ हे वर्गात उत्तर होत नाही. स्लॅबचे टेकू कधी काढायचे? आयएस ४५६ प्रमाणे, साध्या पोर्टलँड सिमेंटला आणि नेहमीच्या हवामानात, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. जुन्या मिस्त्रीला हे दिवस तोंडपाठ असतात. पण आज साइटवर येणारं पुष्कळसं सिमेंट फ्लाय अॅश मिसळलेलं असतं. त्याची ताकद सुरुवातीला सावकाश वाढते, म्हणून मुदत वाढवावी लागते. ज्याला कारण ठाऊक आहे तो आकडा बदलतो, ज्याला फक्त आकडा ठाऊक आहे तो चुकतो. शिक्षक होऊ पाहणाऱ्या फोरमनने पुस्तक उघडायचं ते एवढ्यासाठी.

मला वाटतं, महाविद्यालयांनी नियोजनाचा एक अख्खा विषय प्राध्यापक आणि फोरमन यांना जोडीने द्यावा. पद्धत आणि गणित प्राध्यापकाने शिकवावं, मुलांचे बार चार्ट फोरमनने तपासावेत. त्यासाठी त्याला तासिका तत्त्वावरचं तुटपुंजं मानधन चालणार नाही. वर्गात येणाऱ्या माणसाचा साइटवरचा दिवस बुडतो. निदान तेवढा रोज त्याला मिळालाच पाहिजे.