विहिरीच्या पाण्याला रॉकेलचा वास आला तर



विहिरीवरून हंडा भरून आलेली घरची बाई म्हणते, "पाण्याला आज रॉकेलसारखा वास येतोय." घरधनी म्हणतो, "इंजिनाचं डिझेल सांडलं असेल. जाईल दोन दिवसांत." आणि विषय तिथेच मिटतो. गावोगाव फिरताना असे बोलणे मी पुष्कळदा ऐकले आहे. तो विषय तिथे का मिटू नये, हे समजण्यासाठी एका दूरच्या गावाची हकीकत ऐका.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात समुद्रकाठी अविला बीच नावाचे जुने, चिमुकले गाव आहे. गावालगतच्या टेकडीवर युनियन ऑइल, म्हणजे पुढे युनोकाल नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीच्या खनिज तेलाच्या टाक्या होत्या. तिथून निघालेले नळ गावच्या मुख्य रस्त्याखालून धक्क्यापर्यंत गेले होते. वर दुकाने चालत होती, पोरे वाळूत खेळत होती, आणि खाली नळ गळत होते. १९८९ साली एका जागामालकाने बांधकामाआधी आपल्या जागेची माती तपासून घेतली, तेव्हा ती तेलाने भिजलेली निघाली.

मग शोध सुरू झाला. ठिकठिकाणी भोके घेऊन माती आणि पाणी तपासले गेले. गावाखाली सुमारे ४ लाख गॅलन, म्हणजे १५ लाख लिटर तेल मुरले असावे, असा अंदाज निघाला. दहा हजार लिटरचे दीडशे टँकर डोळ्यांसमोर उभे करा!

तेल जमिनीत काय करते?

पेट्रोल, डिझेल, रॉकेल पाण्यापेक्षा हलके. म्हणून खाली झिरपलेले तेल भूजलावर तरंगते. काही मातीच्या कणांना चिकटून बसते, काही पाण्यात विरघळून त्याच्याबरोबर पुढे सरकते, तर काही वाफ होऊन वर येते. पावसाळ्यात पाणी चढते, उन्हाळ्यात उतरते; त्याबरोबर तेलही वरखाली होऊन मातीचा जाड थर माखून टाकते. त्यामुळे वास कधी येतो, कधी जातो. पण वास गेला म्हणजे तेल गेले, असे मुळीच नाही.

पेट्रोलमधील बेंझिन हे द्रव्य कर्करोगाला कारण होते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पेट्रोलमध्ये शेकडा एक भाग बेंझिन धरले, तर एका लिटरमधले बेंझिन आठ लाख लिटर पाणी या मर्यादेपर्यंत नेऊ शकते.

अविला बीचचे पुढे काय झाले? तेल तिथेच राहू द्यावे की उपसून काढावे, यावर वर्षानुवर्षे वाद झाला. प्रकरण कोर्टात गेले. १९९८ साली तडजोड झाली आणि गाव खणायचे ठरले. मुख्य रस्त्यावरच्या बहुतेक इमारती पाडल्या, तेलकट माती उचलून नेली, स्वच्छ माती भरली आणि गाव नव्याने बांधले. जमीन स्वच्छ झाली. पण म्हाताऱ्या माणसांच्या ओळखीचे गाव परत आले नाही.

आपण काय करावे?

आपल्याकडे टेकडीवर टाक्या नसतील, पण विहिरीच्या काठावर डिझेलचा पिंप असतो, ट्रॅक्टरचे जळके ऑइल बांधावर ओतले जाते, आणि रस्त्याकडेच्या पंपाच्या टाक्या जमिनीखालीच असतात. म्हणून एवढे लक्षात ठेवा.

पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसला तर काडीने तो मोडून पाहा. तुकडे होऊन ते वेगळेच राहिले, तर तो बहुधा लोहाच्या जिवाणूंचा तवंग. मोडताच पुन्हा जुळून आला, तर तेलाचा संशय घ्या.

संशय असेल तर ते पाणी पिणे व स्वयंपाकाला वापरणे बंद करा. उकळून किंवा गाळून ते निर्धोक होईल, या भरवशावर राहू नका. विहिरीत उतरू नका, काडी पेटवून पाहू नका. आत वाफ साठलेली असू शकते.

पाण्याचा नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत, वर हवा न राहील असा काठोकाठ भरा आणि थंड जागी ठेवून लवकर पोचवा. ग्रामपंचायतीला लेखी कळवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा व प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याकडे अर्ज करा. वास कोणत्या महिन्यात आला, शेजारच्या कोणत्या विहिरींना येतो, जमिनीचा उतार कुठे आहे, हे वहीत टिपून ठेवा. तपासणाऱ्याला यासारखी मदत दुसरी नाही.

आणि डिझेलचा पिंप आजच विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला, पक्क्या फरशीवर नेऊन ठेवा. सांडलेले लिटरभर डिझेल पुन्हा विकत मिळेल. नासलेली विहीर मात्र बाजारात मिळत नाही. घरच्या बाईने वास आला म्हटले, तर तिचे ऐका.