भोंगा थांबल्यानंतर : मानसिक समतोल आणि सोलापूर

मानसिक समतोल म्हणजे मनाची निश्चल, तरंगहीन अवस्था अशी समजूत मराठी समाजात खोलवर रुजली असून, तिला गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाच्या वर्णनाचा आधार दिला जातो. विनोबांनी १९४४ साली सिवनीच्या तुरुंगात याच लक्षणांवर व्याख्याने दिली आणि त्यांतून ‘स्थितप्रज्ञ-दर्शन’ सिद्ध झाले. मात्र अखंड कर्मात बुडालेल्या विनोबांना निष्क्रिय शांती अभिप्रेत नव्हती, ही गोष्ट या समजुतीत सहसा निसटते. आधुनिक शास्त्र समतोलाच्या प्रश्नापाशी शरीराच्या वाटेने आले. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात ‘होमिओस्टॅसिस’ म्हणजे समस्थिती ही संज्ञा घडवली आणि शरीर आपले तापमान, रक्तातील साखर व पाणी ठरावीक मर्यादेत कसे राखते, याचे विवेचन १९३२ च्या ग्रंथात केले. पुढे १९८८ मध्ये पीटर स्टर्लिंग आणि जोसेफ आयर यांनी तिला ‘ॲलोस्टॅसिस’ या कल्पनेची जोड दिली. येऊ घातलेल्या ताणाचा अंदाज घेऊन शरीर आपल्या मर्यादाच बदलते, असा तिचा आशय आहे. या बदलाची किंमत शरीराला वर्षानुवर्षे मोजावी लागली तर रक्तदाब, झोप आणि स्मरणशक्ती यांवर जो भार साचतो, त्याचा पाठपुरावा ब्रूस मॅक्युएन यांनी केला. या दृष्टीने पाहता समतोल हे सतत चालणारे आणि खर्चिक काम ठरते; तेव्हा तो खर्च कोणाच्या खिशातून होतो, हा प्रश्न ओघानेच येतो.

या प्रश्नाचा सर्वांत प्रसिद्ध शोध एका कापडगिरणीच्या गावात घेतला गेला. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या वस्तीतील कारखाना १९२९-३० मध्ये बंद पडला आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. तेव्हा मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल यांनी तेथे केलेला अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध झाला. रिकामा वेळ भरपूर असूनही वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घसरली होती. पुरुष रस्त्याने संथ चालत, वाटेत वारंवार थांबत आणि दिवसभरात काय केले हे त्यांना धड सांगता येत नसे. स्त्रियांना मात्र घरकामामुळे बेकारीतही उसंत नव्हती. याहोडा यांनी पुढे यातून असे प्रतिपादन केले की, काम माणसाला पगाराखेरीज आणखी पाच गोष्टी देते: दिवसाला आकार, घराबाहेरचे संबंध, सामूहिक उद्दिष्ट, समाजातील स्थान आणि नियमित हालचाल.

सोलापूरकरांना हे पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती. १८७० च्या दशकात सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘जुनी गिरणी’, सुरू झाली. पाठोपाठ विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि पाळीच्या भोंग्यावर शहराचे उठणे, जेवणे व झोपणे बेतले जाऊ लागले. ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी गिरणी बंद पडली, तेव्हा केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून आणि पाठोपाठ कायदा करून तिचा कारभार ताब्यात घेतला. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मालमत्तेच्या हक्कासंबंधीचा एक आद्य खटला म्हणून कायद्याचे विद्यार्थी ते आजही वाचतात. मानसशास्त्राच्या दृष्टीने त्यातील मोलाचा भाग वेगळाच आहे. कारभारातील गोंधळामुळे उत्पादनाला बाधा पोहोचली, एवढेच कारण त्या कायद्याच्या उद्देशिकेत दिलेले नसून, समाजातील एका वर्गात गंभीर बेकारी निर्माण झाली, हेही त्यात नोंदलेले आहे. एका गिरणीच्या कुलपाने शहराचे स्वास्थ्य बिघडते, हे प्रजासत्ताकाच्या पहिल्याच वर्षी संसदेने लेखी मान्य केले होते, असे म्हणण्यास हरकत नाही. तरीही पुढे ही गिरणी कायमची बंद झाली आणि यथावकाश इतर गिरण्याही त्याच वाटेने गेल्या.

गिरण्यांनंतर शहराच्या पूर्व भागातील यंत्रमाग आणि विडी हे दोन व्यवसाय उरले, आणि दोन्हींत वेळेची घडी बदलली. विडी वळणारी स्त्री घरातच मांडीवर सूप घेऊन बसते. भिजवून मऊ केलेले पान कात्रीने कापते, त्यात चिमूटभर तंबाखू भरते, गुंडाळी वळून तोंड दुमडते आणि दोऱ्याने बांधते. मजुरी हजार विड्यांमागे ठरते आणि कारखान्यात माल देताना खराब ठरलेल्या विड्या बाजूला काढल्या जातात. याहोडांच्या पाच गोष्टी या स्त्रीला लावून पाहिल्या तर हालचाल जवळजवळ नाही, घराबाहेरचा संबंध माल देण्यापुरता आणि दिवसाचा आकार स्वयंपाक, पाणी व मुलांची शाळा यांच्या फटींत कोंबलेला, असे चित्र दिसते. बेकारी नाही म्हणून समतोल आहे, असे मानणाऱ्या धोरणकर्त्यांना हे चित्र अडचणीचे वाटावे.

लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ साली मांडलेला बोधात्मक विसंगतीचा सिद्धांत येथे उपयोगी पडतो. दोन परस्परविरोधी जाणिवा एकत्र नांदणे मनाला असह्य होते, म्हणून माणूस वर्तन तरी बदलतो किंवा विचार तरी, असे तो सांगतो. तंबाखूच्या धुळीने खोकला येतो हे ठाऊक असताना विड्या वळत राहावे लागते, तेव्हा वर्तन बदलण्याचा पर्याय पोटाने बंद केलेला असतो आणि ‘सवय झाली आहे’ हा विचारच तेवढा हाती उरतो. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विकसित केलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती माणसाच्या अविवेकी धारणा तपासून बदलण्यावर भर देते. तिचे उपकार मोठे आहेत. परंतु तिचा सोपा अर्क काढून ‘दुःख परिस्थितीत नसते, विचारांत असते’ असे सांगत फिरणारे वक्ते धारणा आणि नाइलाज यांतला फरक पुसून टाकतात.

परिस्थिती बदलली की मनाला किती आधार मिळतो, याची साक्ष सोलापूरजवळच्या कुंभारी येथे मिळते. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील कामगार चळवळीतून तेथे विडी कामगार स्त्रियांसाठी गोदावरी परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत २००६ पर्यंत उभी राहिली आणि त्यानंतरच्या रे नगर प्रकल्पातील पंधरा हजार घरांचे हस्तांतरण जानेवारी २०२४ मध्ये झाले. घरभाड्याची आणि घर सोडावे लागण्याची धास्ती संपणे हा कोणत्याही समुपदेशनाइतकाच खरा मानसिक उपचार आहे. फक्त त्याची नोंद आरोग्य खात्याच्या वहीत होत नाही.

शहराचे जुने आधारही येथे गणले पाहिजेत. मकर संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत उंच, वजनदार नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यावर पेलून नेले जातात. काठी एका वेळी एकाच्या अंगावर असली, तरी तोल जाऊ लागताच सावरणारे हात भोवती असतात. यात्रेच्या आधी सराव होतो तोही सगळ्यांच्या साक्षीने. समतोलाचे सामाजिक रूप याहून स्पष्टपणे क्वचितच दिसेल. पूर्व भागातील पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथोत्सव आणि पंढरपूरची वारी यांतूनही याहोडांनी सांगितलेले सामूहिक उद्दिष्ट आणि घराबाहेरचे संबंध मिळतात. पण उत्सव वर्षातून काही दिवस असतो आणि हजार विड्यांचे काम रोजचे असते. म्हणून परंपरेनेच सारे भागते, हा दावा टिकत नाही.

औपचारिक व्यवस्थाही आता कागदावर तुटपुंजी राहिलेली नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा हक्क मानला, तर ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू झाली आणि तीत मराठीत बोलता येते. पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलली जाते, तेव्हा तीही भाषा या सेवेत आहे ही सोलापूरच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. अडचण उरते ती वेळेची. सरकारी रुग्णालयांचा बाह्यरुग्ण विभाग प्रामुख्याने सकाळी चालतो आणि केसपेपर, रांग, तपासणी, औषधे यांत अर्धा दिवस सहज जातो. पगारी नोकर त्यासाठी रजा टाकू शकतो. नगावर मजुरी मिळवणाऱ्या स्त्रीला त्या दिवसाच्या अर्ध्या विड्या सोडाव्या लागतात, आणि त्या भरून काढायच्या तर झोपेचे तास कमी करावे लागतात.