डायनामो बदलण्यापूर्वी

मोटारीची बॅटरी वारंवार उतरू लागली की पहिला संशय बॅटरीवर जातो. नवी बॅटरी येते, तीही उतरते. मग डायनामो बदलला जातो आणि तरीही बिघाड कायमच राहतो! जुन्या गाडीच्या बाबतीत हे फार महाग पडते, कारण तिचे मूळ भाग पुन्हा मिळणे कठीण असते. वास्तविक एक व्होल्टमीटर, तारेचा एक तुकडा आणि शाळेत शिकवले जाणारे विद्युतचुंबकत्व यांच्या आधारे बिघाडाची जागा बहुतेक वेळा शोधता येते.

उदाहरणासाठी आपण ब्रिटनमध्ये १९४८ ते १९७१ या काळात तयार झालेली मॉरिस मायनर ही गाडी घेऊ. आपल्या परिचयाची ॲम्बॅसॅडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घडवली गेली, तिच्याच घराण्यातली ही धाकटी गाडी.

सायकलच्या डायनामोत कायमचा चुंबक असतो. मोटारीच्या डायनामोत त्याऐवजी लोखंडी ध्रुवांवर गुंडाळलेली तारेची वेटोळी असतात. त्यांना फील्ड म्हणतात. फील्डला लागणारी वीज डायनामो स्वतःच पुरवतो. पण मग सुरुवात कशी होते? ध्रुवांच्या लोखंडात थोडे चुंबकत्व उरलेले असते. आर्मेचर फिरू लागले की त्या अवशिष्ट चुंबकत्वामुळे अल्पसा विद्युतदाब निर्माण होतो. त्यातून फील्डमध्ये थोडी धारा जाते, चुंबकत्व वाढते आणि त्याबरोबर दाबही वाढत जातो. हे तत्त्व १८६६-६७ च्या सुमारास सीमेन्स, व्हीटस्टोन आदींनी स्वतंत्रपणे मांडले.

हा दाब आवरण्यासाठी कंट्रोल बॉक्स असतो. त्यातील रेग्युलेटर दाब मर्यादेबाहेर गेला की फील्डच्या मार्गात रोध घालतो. दुसरा भाग म्हणजे कटआउट. डायनामोचा दाब सुमारे १३ व्होल्टवर गेल्याशिवाय तो डायनामोला बॅटरीशी जोडत नाही. नाहीतर गाडी थांबल्यावर बॅटरीच डायनामोत रिकामी झाली असती. डॅशबोर्डवरील लाल दिव्याचे एक टोक बॅटरीकडे आणि दुसरे डायनामोकडे असते. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की तो विझतो. म्हणजे हा दिवा दोन दाबांतील फरक दाखवतो.

आता तपासणीकडे वळू. आधी साध्या गोष्टी पाहाव्यात : पट्टा सैल आहे का, बॅटरीच्या टोकांवर गंज आहे का. नंतर बॅटरीचा दाब मोजावा. इंजिन बंद असताना चांगल्या भरलेल्या बॅटरीत तो १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. इंजिनाची गती वाढवल्यावरही तो वर चढत नसेल, तर चार्जिंग होत नाही हे नक्की.

पुढचा प्रश्न असा : दोष डायनामोत की त्याच्या बाहेर? इंजिन बंद करून डायनामोवरच्या डी आणि एफ या दोन्ही टोकांच्या तारा काढाव्यात आणि ती टोके तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडावीत. आता रेग्युलेटर बाजूला पडला. व्होल्टमीटर या जोडाच्या आणि गाडीच्या सांगाड्याच्या मध्ये लावावा. मॉरिस मायनरमध्ये बॅटरीचा धन ध्रुव सांगाड्याला जोडलेला असतो, हे विसरू नये. इंजिन सुरू करून गती हळूहळू वाढवावी, मात्र दाब २० व्होल्टपलीकडे जाऊ देऊ नये.

दाब झपाट्याने १४ व्होल्टच्या वर गेला, तर डायनामो निर्दोष आहे. काटा शून्यावरच राहिला, तर अवशिष्ट चुंबकत्वाचा दाबही बाहेर पोहोचत नाही. कार्बन ब्रश झिजले किंवा अडकले असावेत. अर्धा ते एक व्होल्ट दिसला, तर ब्रश काम करताहेत, पण चुंबकत्व वाढत नाही. फील्डची वेटोळी तुटली असण्याचा संभव आहे. चार-पाच व्होल्टवर दाब अडकला, तर आर्मेचरच्या वेटोळ्यांवर संशय घ्यावा.

डायनामो ठीक निघाला, तर तारा पुन्हा त्याला जोडाव्यात आणि त्याच तारांची कंट्रोल बॉक्सकडील टोके सोडवून ती एकमेकांना जोडावीत. पुन्हा तसाच दाब मिळाला, तर ताराही ठीक आहेत. उरला तो कंट्रोल बॉक्स. त्याचे झाकण उघडायचे ते सर्वांत शेवटी.

दोन सूचना. ही चाचणी अल्टरनेटर असलेल्या गाडीवर करू नये. तसेच सैल कपडे फिरत्या पट्ट्यापासून आणि ठिणगी बॅटरीपासून दूर ठेवावी, कारण चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो.

वर्गात या चार वाचनांचा तक्ता फळ्यावर मांडून पाहावा. निष्कर्षाचा रकाना मात्र मोकळा ठेवावा. अर्ध्या व्होल्टचे वाचन शून्यापेक्षा वेगळे काय सांगते, एवढा एकच प्रश्न विचारला तरी अवशिष्ट चुंबकत्व ही केवळ पाठ करायची व्याख्या नाही, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात येईल.