ओट्यापुढील भाजीबाग व घरचे बियाणे

पनवेल तालुक्यातील शेतीचे चित्र गेल्या पाच दशकांत फार पालटले आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी संपादनाखाली आल्या. पुढे विमानतळासाठी दहा गावांना आपली जागा सोडावी लागली व त्यांतील कुटुंबांचे वडघर, वहाळ या बाजूंना पुनर्वसन झाले. त्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. जेथे भाताची खाचरे होती तेथे आता धावपट्टी आहे.

जुन्या घरामागे परस असे. न्हाणीच्या पाण्यावर अळू व केळ पोसली जाई, कुडावर शिराळ्याचा वेल चढे आणि भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल पेरला जाई. नव्या घरापुढे बहुधा दहा-बारा फुटांचे फरसबंदी अंगण असते. शेत गेले, परसही गेला. परंतु शेतीची जाण असलेले हात व मडक्यात राखेत जपलेले बियाणे या दोन गोष्टी अनेक घरांत अद्याप आहेत. हातांची जाण वर्षानुवर्षे टिकते. बियाणे मात्र टिकत नाही. कोकणच्या दमट हवेत त्याची उगवणशक्ती लवकर घटते आणि दोन-तीन वर्षे न पेरलेले बी पुढे पेरूनही उगवेलच असे नाही. म्हणून अंगणातील लहान भाजीबागेकडे केवळ हौस म्हणून पाहू नये.

अपेक्षा किती ठेवावी

दहा फूट लांब व दहा फूट रुंद अंगणातून पाच माणसांच्या कुटुंबाची सर्व भाजी निघेल, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. दर माणशी रोज १०० ग्रॅम पालेभाजी धरली तरी अशा कुटुंबाला दिवसाला अर्धा किलो पाला लागतो. तथापि आठवड्यातून दोन-तीन वेळा ताजी पालेभाजी, रोजची मिरची, कोथिंबीर व कढीपत्ता आणि पावसाळ्यात वेलाची फळे इतके उत्पन्न नीट निगा राखल्यास मिळू शकते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ज्या घरात माठ व मेथी दाराशी आहे, तेथे ती ताटात येण्यास बाजाराच्या दिवसाची वाट पाहावी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळावे व जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये. म्हणजे तिच्यातील लोह अंगी लागण्यास मदत होते.

जागा व भांडी

प्रथम ऊन पाहावे. मिरची, वांगी, टोमॅटो, भेंडी व वेलभाज्या यांना दिवसातून पाच-सहा तास ऊन हवे. पालेभाज्यांना तीन-चार तास पुरतात. अळू, पुदिना व गवती चहा यांचे अर्धवट सावलीतही भागते.

विकतच्या कुंड्याच हव्यात असे नाही. फुटका माठ, गळके घमेले, जुनी टोपली, तेलाचा डबा किंवा सिमेंटची धुतलेली गोणी, काहीही चालेल. ज्या पिंपात रसायने भरली होती ते मात्र घेऊ नये. पालेभाजीस १५ ते २० सेंटिमीटर, मिरची-वांग्यास ३० सेंटिमीटर व वेलांस ४० ते ४५ सेंटिमीटर खोल माती लागते. प्रत्येक भांड्याच्या तळाशी भोके पाडावीत व ते दोन विटांवर ठेवावे, म्हणजे पाणी मोकळे निघेल. गच्चीवर बाग करताना वजनाचा विचार आवश्यक आहे. शंभर लिटर ओली माती दीडशे किलोच्या आसपास भरते. म्हणून मोठी पिंपे खांब व तुळई यांच्यावरच ठेवावीत, सज्जाच्या कडेला ठेवू नयेत.

माती व खत

खाडीकाठची माती फुकट मिळते म्हणून आणू नये. त्या मातीतील क्षारांचा प्रश्न या तालुक्याला नवा नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे खारजमीन संशोधन केंद्र पनवेल येथेच आहे. भाताचे खारे सहन करणारे वाण तेथे निघाले, परंतु मेथी व कोथिंबीर खाऱ्या मातीत तग धरत नाहीत. वरकस जमिनीची चांगली माती दोन भाग, कुजलेले शेणखत वा कंपोस्ट दोन भाग आणि भाताचे तूस किंवा नारळाच्या सोडणाचा भुगा एक भाग, असे मिश्रण हलके होते व त्यातून पाण्याचा निचराही होतो.

घरातील भाजीचे देठ, साली व वाळलेला पाला दोन माठांत आळीपाळीने कुजवावा. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर सुक्या पाल्याचा थर द्यावा व आठवड्यातून एकदा खालीवर करावे. अडीच-तीन महिन्यांत खत तयार होते. दुर्गंधी आल्यास ओल अधिक झाली असे समजून सुका पाला वाढवावा. या मार्गाने थोड्या मातीतही बरेच पिकते, हे प्रयोग परिवाराचे प्रवर्तक श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी महाराष्ट्राला पटवून दिले. मुंबई बंदराच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर श्रीमती प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातील कचऱ्यावर फळझाडे व भाज्या वाढविल्या, हे त्याच विचाराचे एक उदाहरण होय.

हंगाम

पनवेल भागात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो व तो जवळजवळ सर्व चार महिन्यांत येतो. या पावसाने कुंडीतील अन्नद्रव्ये वाहून जातात. म्हणून पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी मूठभर कंपोस्ट द्यावे. या काळात शिराळे, पडवळ, कारले, काकडी, भेंडी व अळू घ्यावेत. कारल्याचा ‘कोंकण तारा’ हा दापोलीचा वाण कोकणासाठीच निघालेला आहे. हिवाळ्यात मुळा, मेथी, पालक, कोथिंबीर, टोमॅटो, वांगी व वाल घ्यावेत. उन्हाळ्यात लाल माठ व चवळी घेऊन दुपारच्या वेळी त्यांवर जुन्या लुगड्याची सावली धरावी. पालेभाजी एकदम न पेरता दर दहा दिवसांनी एक घमेले पेरावे, म्हणजे तोडणी अखंड चालते.

वेलांना फुले पुष्कळ येतात पण फळ धरत नाही, अशी तक्रार नव्या वस्तीत ऐकू येते. मधमाशा कमी असल्यास असे घडते. अशा वेळी नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला हाताने लावावेत. काकडी व कारल्यासाठी हे काम सकाळी करावे; शिराळे व पडवळ यांची फुले संध्याकाळी उमलत असल्याने त्यांचे काम तिन्हीसांजेला करावे.

पाणी

पावसात भिजणाऱ्या या तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची ओढाताण होते. एका मध्यम कुंडीस उन्हाळ्यात रोज एक ते दीड लिटर पाणी लागते. बारा कुंड्यांना पंधरा-अठरा लिटर, म्हणजे एक मोठी बादली पुरते. तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी साठविल्यास त्यातील बराच भाग भागतो. साबणाचे पाणी मात्र कुंडीत घालू नये. पाणी सकाळी लवकर वा सायंकाळी द्यावे आणि मातीवर पेंढ्याचे आच्छादन ठेवावे. दहा चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटर पाऊस पडला तर दोनशे लिटरचे पिंप भरते. असे पिंप घट्ट झाकावे व कुंडीखालील बशा आठवड्यातून एकदा कोरड्या कराव्यात. अन्यथा डेंग्यूचे डास तेथेच वाढतील.

कीड

मावा व पांढरी माशी दिसताच निंबोळी अर्क फवारावा. पन्नास ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून सकाळी गाळावी व एक लिटर द्रावण करावे. ज्या अंगणात मुले खेळतात व जेथील पाला त्याच दिवशी शिजतो, तेथे विषारी औषधे आणूच नयेत.

बियाणे

जुने बी पेरण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी. वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवावेत. बारांहून कमी उगवले तर पेरणी दुप्पट करावी. दोन-तीनच उगवले तर ती रोपे म्हणजे त्या वाणाची अखेरची संधी समजून जपावीत. वाल बहुतांशी स्वपरागित असल्याने शेजारी दुसरा वाण असला तरी त्याचे बी सहसा शुद्ध राहते. शिराळे, काकडी व भोपळा यांचे तसे नाही; दोन वाण जवळ आले की त्यांची सरमिसळ होते. म्हणून वेलाची पहिली निरोगी फळे बियाण्यासाठी राखावीत व ती वेलावरच पूर्ण पिकू द्यावीत. बी सावलीत सुकवावे व कोरड्या राखेत घालून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे.

येथे गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. एका अंगणात चार कुंड्यांतील वालापासून फार थोडे बी निघते, आणि थोड्याच झाडांवर वाण तगवीत राहिल्यास तो क्षीण होण्याचे भय असते. परंतु वस्तीतील दहा घरांनी तोच वाल लावून बी एकत्र केले तर तो टिकतो. शिराळ्याचा वाण एका आळीने व काकडीचा दुसऱ्या आळीने सांभाळला तर सरमिसळही कमी होते. कार्यकर्त्यांनी प्रथम घरोघर जाऊन कोणाकडे कोणते बी शिल्लक आहे याची यादी करावी. हे बहुधा घरातील वृद्ध स्त्रियांनाच ठाऊक असते; पेरण्याची वेळ, भिजविण्याची रीत व वाणाची पारख त्यांच्याकडूनच लिहून घ्यावी.

माघात वालाच्या शेंगा भरल्या की भांबुर्ड्याच्या पाल्यात मडके लावून पोपटी करण्याची या भागातील रीत जुनी आहे. त्या मडक्यात बाजारच्या शेंगा घातल्या तरी पोपटी होतेच. परंतु वस्तीने आपल्याच जुन्या शेताचा वाल अंगणात वाढवून त्याच्या शेंगा त्यात घातल्या, तर गेलेल्या शेताचा एक अंश पुढच्या पिढीच्या हाती पडेल. त्यासाठी मात्र या हंगामात मडक्यातील बी बाहेर काढून पेरले पाहिजे.