आधी पाट, मग पाव

ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग शहरात सेंट पीटर मठाची बेकरी आहे. बाराव्या शतकापासून तिची नोंद सापडते. दाराशी पाणचाक फिरते आणि आत लाकडाच्या भट्टीत रायचे पाव भाजतात. इतके जुने उद्योग बहुधा संग्रहालयात जातात. हा मात्र अजून गिऱ्हाइकांवर चालतो. त्याचे श्रेय परंपरेच्या अभिमानाला दिले जाते, पण ते अपुरे आहे. जुने यंत्र टिकते ते त्याला पोसणारी व्यवस्था टिकली तरच, आणि साल्झबर्गने नेमकी ती व्यवस्था सांभाळली.

ही व्यवस्था म्हणजे आल्मकनाल हा पाट. 1137 ते 1143 या काळात डोंगराच्या पोटातून बोगदा खोदून त्याचे पाणी शहरात आणले गेले. त्यावर गिरण्या चालल्या, मठाची बेकरीही त्याच पाण्याच्या आधाराने वाढली. आजही दर सप्टेंबरात काही आठवडे पाणी बंद करून गाळ काढतात, भिंती दुरुस्त करतात. असाच सांभाळ पावालाही लागतो. रायच्या पिठात गव्हासारखा ताणला जाणारा चिकटपणा नसतो, शिवाय त्यातली विकरे स्टार्च लवकर तोडतात आणि पाव आतून गिच्च होतो. आंबवणातले आम्ल या विकरांना आवरते. म्हणून जुन्या आंबवणातले थोडे राखून त्याला पुन्हा पीठ-पाणी घालत राहावे लागते. या आंबटपणामुळे पाव अनेक दिवस टिकतो.

हे चाक आता वीज निर्माण करते, मग ही पाणचक्की अस्सल कशी, अशी शंका कोणी घेईल. पण हे पाणी शतकानुशतके गरजेप्रमाणे वेगवेगळ्या कामांना लागत आले. वीज हे त्यातलेच पुढचे काम. अस्सलपणाच्या हट्टापायी चाक थांबवले असते, तर त्याची देखभाल करण्याचे कारणच उरले नसते. असा पाव कारखान्यातल्या पावापेक्षा महाग पडतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. अशी बेकरी साऱ्या शहराला जेवू घालू शकत नाही. परंतु विक्रीतून बेकरीचा खर्च निघतो आणि आंबवण्याचे, भट्टी राखण्याचे कसब नव्या हातांत जाते. प्रवेशशुल्कातून इमारत राखता येते, कसब नाही.

आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीतही डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून आणून फकीर आणि यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. आज ती मुख्यतः पर्यटनस्थळ आहे. तिची इमारत जपताना नहरीच्या डागडुजीला पहिला मान मिळाला पाहिजे. पाणी आटले, तर उरेल ती फक्त भिंत.