तलावांच्या जिल्ह्यातून प्रवाळांच्या बेटांकडे

गोंदिया हा तलावांचा जिल्हा. नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा, इटियाडोह ही नावे येथे लहान मुलांनाही ठाऊक असतात. कोहळी समाजाने शेतीसाठी बांधलेले तलाव आणि त्यांत पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणारा ढिवर समाज यांमुळे येथील माणसाला पाणी परके नाही. समुद्र मात्र राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. त्यामुळे बेटांची भ्रमंती, स्नॉर्केलिंग असे शब्द कानी पडले की डोळ्यांसमोर थायलंड, मालदीव आणि विमानाची महागडी तिकिटे उभी राहतात आणि बेत तेथेच बारगळतो.

वास्तविक गोंदिया स्थानकावरून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस नावाला जागून राज्याची हद्द न ओलांडता थेट कोल्हापूरपर्यंत जाते. प्रवास एका दिवसाहून अधिक लांबतो, पण शयनयान वर्गाचे भाडे सामान्य कुटुंबाला परवडणारे आहे. कोल्हापूरहून मालवण सुमारे दीडशे किलोमीटर. घाट उतरून जाणारी एसटी तेथे पोहोचविते. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे आकारले जाते आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना प्रवास विनामूल्य आहे. आजी-आजोबांसह निघालेल्या कुटुंबाच्या हिशेबात हा फरक लहान नाही.

मालवणच्या बंदरासमोरच कुरटे बेट आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये त्यावर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या उभारणीस प्रारंभ केला. किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ वाढलेले आहेत. हा परिसर १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. आधी किल्ला पाहावा, दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरावे आणि तिसऱ्या दिवशी देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी असलेल्या वाळूच्या बेटावर जावे, असा तीन दिवसांचा क्रम सोयीचा ठरतो. होडीचे भाडे माणशी वाटले जात असल्याने दोन कुटुंबे एकत्र गेल्यास अधिक बरे. मुक्कामासाठी घरगुती निवास आणि जेवणासाठी खाणावळी मुबलक आहेत. नाताळच्या आठवड्यात मात्र दर वधारतात. तो टाळून जानेवारीत गेल्यास गर्दीही कमी असते.

आता स्नॉर्केलिंग म्हणजे नेमके काय, हे पाहू. डोळे व नाक झाकणारा काचेचा मुखवटा आणि तोंडात धरायची, पाण्याबाहेर डोकावणारी एक वाकडी नळी, एवढेच त्याचे मुख्य साहित्य. पाण्यावर पालथे तरंगायचे, तोंडाने सावकाश श्वास घ्यायचा आणि खाली पाहायचे. उघड्या डोळ्यांना पाण्यात सारे धूसर दिसते, कारण आपल्या डोळ्यांची रचना हवेतून पाहण्यासाठी झालेली आहे. काच आणि डोळा यांच्यामध्ये हवेची पोकळी ठेवली की चित्र स्पष्ट होते. मात्र मासा असतो त्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने मोठा आणि थोडा जवळ भासतो. तेव्हा परतल्यावर सांगितलेल्या माशांच्या आकारातून तेवढी वजावट करावी!

नळी लांब केली तर अधिक खोल जाता येईल, असे अनेकांना वाटते. हा समज धोक्याचा आहे. थोडे खाली जाताच पाण्याचा दाब छातीवर पडतो आणि श्वासाचे स्नायू थकतात. शिवाय लांब नळीत उच्छ्वासाचीच हवा साठून तीच पुन्हा आत येते. म्हणून ही नळी हातभराहून आखूड ठेवलेली असते. घरच्या तलावात प्लास्टिकचा पाइप घेऊन असा प्रयोग कोणीही करू नये.

तलावात पोहता येते म्हणून समुद्रातही येईलच, हा दुसरा गैरसमज. तलावाच्या पाण्याला भरती-ओहोटी नसते, अंतर्गत प्रवाह नसतात. समुद्रात कसलेला पोहणाराही नकळत दूर ओढला जातो. मे २०२२ मध्ये स्कुबा डायव्हिंग करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट तारकर्लीजवळ उलटली आणि दोघांना प्राण गमवावे लागले. त्या सर्वांना तर पोहायचेही नव्हते. किनारा गाठायचा होता, इतकेच. त्यामुळे खर्चात कपात करायची असेल ती निवासात करावी, जेवणात करावी. बोटीच्या निवडीत करू नये. बसण्यापूर्वी प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट मिळते की नाही, माणसे मर्यादेपेक्षा अधिक भरली आहेत काय, हे पाहावे आणि शंका आल्यास बुकिंगचे पैसे सोडून खुशाल उतरावे. पावसाळ्यात या जलक्रीडा बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम; नद्यांनी आणलेला गाळ तोवर बसलेला असतो.

तरीही मालवणचे पाणी अंदमानइतके नितळ नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्यांना प्रवाळांचे खरे वैभव पाहायचे आहे आणि ज्यांच्यापाशी पैशापेक्षा रजा अधिक आहे, त्यांनी पूर्वेकडे वळावे. गोंदिया हावडा-मुंबई लोहमार्गावर असल्याने कोलकाता गाठणे सोपे. तेथून, तसेच चेन्नई आणि विशाखापट्टणम येथून पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून श्री विजय पुरम) प्रवासी जहाजे जातात. एका बाजूच्या प्रवासाला साधारण तीन दिवस लागतात आणि बंक वर्ग सर्वांत स्वस्त. मात्र या जहाजांच्या तारखा आपल्या सुट्यांशी जुळतीलच असे नाही. म्हणून आधी जहाजाची तारीख पाहावी, मग रजेचा अर्ज लिहावा. जाताना जहाज आणि येताना विमान हा मध्यम मार्ग आम्हाला अधिक व्यवहार्य वाटतो. सेल्युलर जेल पाहून सरकारी फेरीने स्वराज द्वीप (पूर्वीचे हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (पूर्वीचे नील) करता येते. खासगी जलद बोटींपेक्षा ही फेरी बरीच स्वस्त पडते, पण तिची तिकिटे लवकर संपतात.

अंदमानातील वंडूर येथे १९८३ मध्ये स्थापन झालेले सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातील जॉली बॉय बेटावर प्लास्टिक नेण्यास मनाई आहे आणि ही कडक शिस्त योग्यच म्हणावी लागेल. प्रवाळ हे दगडासारखे दिसत असले तरी ते सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतींनी घडविलेले असतात. त्यांच्या शरीरातील शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते. पाणी फार तापले की हे शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात. २०१० मध्ये अंदमानात असे मोठ्या प्रमाणावर घडले होते. जे त्यातून सावरले, त्यांच्यावर पर्यटकाने पाय ठेवला तर वर्षानुवर्षांची वाढ क्षणात तुटते. मालवणातही हेच लागू आहे. दमल्यास खडकावर उभे राहू नये. सोबतच्या मार्गदर्शकाच्या रिंगला धरून तरंगत राहावे.